धूम्रपान व विषाणुजन्य श्वसनसंसर्ग

सर्दी, इन्फ्ल्यूएंझा, कोविड-१९ यांसारख्या विषाणुजन्य श्वसनविकारांवर विडी, सिगारेट, चिलीम इ. ओढण्याच्या सवयीचा होणारा परिणाम. धूम्रपानाने विषाणू उत्पन्न होत नाहीत. मात्र त्यांना अटकाव करणारी शरीरातील यंत्रणा दुबळी होते व आजार अधिक तीव्र होतो.

श्वासनाल व श्वासनलिका यांच्या अंतःस्तरावर सूक्ष्म केसांसारख्या पक्ष्माभिका असतात. त्यांच्या लयबद्ध हालचालीमुळे धूळ, जंतू व विषाणू श्लेष्म्यासह घशाकडे ढकलले जातात. धुरामुळे ही हालचाल मंदावते आणि श्लेष्मा अधिक स्रवून साचून राहतो. विषाणूची बाधा झालेल्या कोशिका इंटरफेरॉन हे संरक्षक प्रथिन निर्माण करतात. हा प्रतिसादही धूम्रपानाने क्षीण होतो. परिणामी खोकला लांबतो व जंतूंचे दुय्यम संक्रामण होऊन न्यूमोनियाचा धोका वाढतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हीमोग्लोबिनाशी संयोग पावत असल्याने, आधीच धाप लागलेल्या रुग्णाच्या ऊतकांना ऑक्सिजन आणखी कमी मिळतो.

इझ्राएलच्या एका लष्करी तुकडीत इन्फ्ल्यूएंझाची साथ आली असता ३३६ निरोगी तरुणांची पाहणी करण्यात आली. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार धूम्रपान करणाऱ्यांपैकी ६८.५% व न करणाऱ्यांपैकी ४७.२% जणांना हा आजार झाला. अंथरूण धरावे लागण्याचे वा कामाचे दिवस बुडण्याचे प्रमाण अनुक्रमे ५०.६% व ३०.१% होते. कोविड-१९ च्या साथीत, २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनेही धूम्रपान करणाऱ्यांत हा रोग गंभीर होण्याचा संभव अधिक असल्याचे नमूद केले.

महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात (निर्मिती १ जुलै १९९८) या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. तेथील भिल्ल, पावरा इ. आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या विकाराच्या रुग्णांत श्वसनसंसर्गामुळे छातीत वेदना, ताप व धाप ही लक्षणे असलेली, प्रसंगी प्राणघातक अवस्था उद्भवते. धुरामुळे तिचा संभव वाढतो. विडीचा धूर सौम्य असतो, हा समज चुकीचा आहे. टेंभुर्णीच्या पानात वळलेली विडी लवकर विझत असल्याने ती पेटती ठेवण्यासाठी वारंवार झुरके घ्यावे लागतात. लाकडाची चूल असलेल्या घरात या धुरात चुलीच्या धुराची भर पडते व तो विडी न ओढणाऱ्या स्त्रिया आणि मुले यांनाही बाधतो. सातपुड्यातील अक्राणी, अक्कलकुवा या तालुक्यांच्या दुर्गम पाड्यांवरून रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो. त्यामुळे तेथे प्रतिबंधाचे महत्त्व अधिक आहे.

विडीने कफ सुटतो, या समजुतीने काही जण आजारातही ती ओढतात. प्रत्यक्षात त्या खोकल्याचे एक कारण धूरच असतो. धूम्रपान थांबविल्यावर पक्ष्माभिकांचे कार्य हळूहळू सुधारते. प्रारंभी काही काळ खोकला वाढल्यासारखा वाटला, तरी त्यामुळे पुन्हा विडीकडे वळू नये. रुग्णाच्या खोलीत इतरांनीही धूम्रपान करू नये. धाप लागल्यास, ओठ निळसर झाल्यास अथवा सिकलसेलच्या रुग्णास छातीत दुखू लागल्यास त्वरित वैद्यकीय उपचार आवश्यक ठरतात.