पक्षादेश आणि तत्त्वनिष्ठा : भिवंडी महापौर निवडणुकीच्या (२०१९) संदर्भात

समान तत्त्वे मानणाऱ्यांचा संघटित समूह म्हणजे राजकीय पक्ष, अशी व्याख्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. ती ग्राह्य धरल्यास पक्षनिष्ठा आणि तत्त्वनिष्ठा यांत विरोध संभवत नाही. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र तो वारंवार उद्भवतो आणि त्याचा निवाडा कायद्यावर सोपविला जातो. कायदा हा निवाडा करू शकतो काय, हे भिवंडीच्या उदाहरणावरून तपासता येते.

२०१७ मध्ये भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या ९० जागांपैकी ४७ जागा काँग्रेसने जिंकल्या. स्पष्ट बहुमत असूनही महापौरपद काँग्रेसकडे आणि उपमहापौरपद शिवसेनेकडे, अशी वाटणी झाली. राज्यात हे दोन पक्ष एकत्र येण्यास त्यानंतर दोन वर्षे लागली. १९७० आणि १९८४ च्या दंगलींची स्मृती जपणाऱ्या या शहरात ही युती ज्यांना तत्त्वविसंगत वाटली असेल, त्यांना दोष देणे कठीण आहे. डिसेंबर २०१९ च्या महापौर निवडणुकीत काँग्रेसच्या १८ नगरसेवकांनी पक्षादेश डावलला. अवघे चार सदस्य असलेल्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील ४९ विरुद्ध ४१ मतांनी विजयी झाल्या. मात्र विजयी उमेदवाराच्या पाठीशी भारतीय जनता पक्षही होता. त्यामुळे शिवसेनेशी झालेल्या युतीला तात्त्विक विरोध, हे या बंडाचे स्पष्टीकरण टिकणारे नाही. अर्थात, अठरा जणांचा हेतू एकच असावा असेही नाही.

हेतूचा हा प्रश्न पक्षांतरबंदीच्या कायद्याला पडतच नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेले दहावे परिशिष्ट संसद व विधिमंडळांपुरते आहे. स्थानिक संस्थांसाठी महाराष्ट्राने १९८६ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. दोहोंत कसोटी एकच : पूर्वपरवानगीशिवाय आदेशाविरुद्ध मतदान केले काय, आणि पक्षाने ते पंधरा दिवसांत माफ केले काय? आमिषाला भुललेला आणि अंतःकरणाला स्मरून विरोध करणारा, दोघेही येथे सारखेच अपराधी. माफीचा अधिकारही पक्षाचाच, म्हणजे फिर्यादीचाच! किहोटो होलोहान प्रकरणात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने हे परिशिष्ट वैध ठरविले. तथापि पक्षादेशाची सक्ती विश्वासमत किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणाशी निगडित मतदानापुरती असावी, असा अर्थ लावून मतभेदाला थोडी जागा ठेवली.

कायदा नव्हता त्या काळातील एक दाखला येथे उद्बोधक आहे. १९४८ मध्ये नाशिक येथील अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. आचार्य नरेंद्र देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त प्रांताच्या विधानसभेतील जागांचे राजीनामे दिले आणि ते पुन्हा मतदारांसमोर गेले. जागा काँग्रेसच्या नावावर मिळाली होती, तेव्हा ती परत करणे त्यांना क्रमप्राप्त वाटले. फैजाबादच्या पोटनिवडणुकीत नरेंद्र देव पराभूत झाले. हेतूच्या शुद्धतेचा याहून सबळ पुरावा कोणता असू शकतो? भिवंडीत आधी मतदान झाले, अनर्हतेचा वाद नंतर सुरू झाला; आणि महापौर त्याच ४९ मतांच्या बळावर २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपेपर्यंत पदावर राहिल्या.