दगड पेरताना

लिथॉप्सच्या वाळक्या बोंडावर पाण्याचा थेंब सोडा आणि पाहत राहा. घट्ट मिटलेल्या झडपा थोड्याच वेळात हलू लागतात, बाहेरच्या बाजूला उलगडतात आणि आतले कप्पे दिसू लागतात. आता वरून थेंब पडले, की त्यांच्या माऱ्याने बिया उडून आजूबाजूला पडतात. बोंड सुकलं की झडपा पुन्हा मिटतात. हे बोंड केव्हाच मेलेलं असतं, तरीही पाऊस आल्याशिवाय ते बी सोडत नाही!

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या रखरखीत माळांवरची ही वनस्पती. १८११ साली निसर्गअभ्यासक विल्यम बर्चेलने वेगळासा दगड म्हणून ती उचलली आणि हाती लागलं झाड! दोन जाड पानं, मधे एक चीर, बस्स.

पाण्याचा हाच काटेकोरपणा तिच्या श्वासातही आहे. दिवसा उन्हात पानांची छिद्रं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून ती रात्री उघडतात. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा प्रकाशात त्याचं अन्न होतं. या क्रियेची एक जुनी नोंद करणाऱ्या माणसाचं बेंगळुरूशी नातं आहे. टिपूच्या पाडावानंतर लालबागेची देखभाल करणाऱ्या बेंजामिन हाइनने पानफुटीची पानं चाखून पाहिली: सकाळी आंबट, दुपारी बेचव. हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं.

पानफुटीचं नुसतं पान मातीवर टाकलं तरी रोपं येतात. लिथॉप्सचं पान असं रुजत नाही, म्हणून बीच पेरावं लागतं. सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बेंगळुरूत पावसाळा ओसरला, की रात्री गार आणि दिवस सौम्य होतात. पेरणीला हीच वेळ उत्तम. चाळलेली जाड वाळू किंवा प्युमिस, त्यात थोडं कोकोपीट. बी खसखशीहून बारीक असतं; ते वर भुरभुरायचं, पुरायचं नाही. पाणी कुंडीच्या बुडातून द्यायचं, वरून प्लॅस्टिक लावायचं आणि कुंडी कडक ऊन टाळून भरपूर उजेडात ठेवायची. आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागले, की प्लॅस्टिक हळूहळू काढायचं, नाहीतर बुरशी रोपं आडवी करते.

खरं नवल पुढे आहे. पहिल्या जोडपानाच्या चिरेतून दुसरी जोडी निघते, तीही पहिलीशी काटकोनात. नवी जोडी जुनीतलं पाणी शोषून वाढते. जुनी सुकून कागदासारखी पातळ होते. त्या काळात आपण पाणी घालायचं नाही. झाडाने स्वतःची सोय आधीच केलेली असते.

साधारण तीन वर्षांनी फुलं येतात. एका झाडाचा पराग त्याच झाडाला चालत नाही. जवळ दुसरं झाड फुललेलं हवं. मऊ कुंचल्याने पराग इकडून तिकडे नेला की बोंड धरतं. आज याच कुळातल्या कोनोफायटमसारख्या वनस्पती आफ्रिकेच्या माळांवरून चोरून उपटल्या जातात आणि जगभर विकल्या जातात. म्हणूनच घरच्या बियांचं मोल मोठं आहे. बोंड पिकलं की बी मित्रांना वाटा. आपल्या गॅलरीत वाढलेल्या प्रत्येक रोपामागे तिकडचं एक झाड उपटण्याचं कारण कमी होतं.