ऑर्डरचा प्रोग्राम घेताना

पालीच्या तिठ्यावरून कोल्हापूरकडे आणि गोव्याकडेही माल जातो. मोबाईलवर ऑर्डर घेण्याचा प्रोग्राम करून घेणाऱ्या व्यापारी बांधवांना आमचे विचारणे आहे: त्याची चाचणी कशी झाली?

ऑर्डर स्वीकारणारा भाग म्हणजे 'कंट्रोलर'. तो गोदामातला साठा विचारतो, पैसे आल्याची बँकेकडून खात्री करतो. चाचणीत त्याला 'मॉक', म्हणजे नकली गोदाम व नकली बँक जोडतात आणि त्यांच्याकडून हवे ते उत्तर वदवतात. खरी बँक आपल्यासाठी कोण बंद पाडणार? नकली बँक गप्प बसवली की कंट्रोलरने ५०३, म्हणजे 'सेवा बंद', असे कळवले पाहिजे. २०० कळवून ऑर्डर पक्की केली, तर माल फुकट गेला!

मात्र नकली बँक खरीसारखी वागेलच असे नाही. प्रोग्राम ताब्यात घेण्याआधी एक रुपयाचा खरा व्यवहार समोर करून घ्यावा.