चार भिंगं आणि बावीस सेकंद

दुर्बीण म्हटलं की डोंगरमाथ्यावरचा पांढरा घुमट डोळ्यांपुढे येतो. 'रोट्से'ला घुमट नव्हता. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, लॉस अलामॉस इथे, संदेशवहनाची यंत्रं ठेवायच्या एका खोलीवजा पेटीच्या छपरावर हे यंत्र घट्ट बसवलेलं होतं. वर शिंपल्यासारखं उघडणारं मोटारीवरचं झाकण आणि पेटीच्या पोटात संगणक. दुर्बीण म्हणून जे होतं ती चार कॅमेरा-भिंगं होती, कॅनन कंपनीची, २०० मिलिमीटरची. क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषेबाहेर बसलेले छायाचित्रकार वापरतात त्या जातीची. चारही भिंगं एकाच बैठकीवर शेजारी शेजारी जोडली होती आणि प्रत्येकामागे एक इलेक्ट्रॉनिक कॅमेरा होता. चौघांनी मिळून १६ अंश लांब, १६ अंश रुंद एवढं आभाळ एका वेळी टिपायचं. पौर्णिमेचे ३२ चंद्र एका ओळीत मांडले तर जेवढी रुंदी होईल तेवढं. आणि आभाळाच्या कुठल्याही कोपऱ्याकडे वळायला या बैठकीला तीन सेकंद पुरत.

एवढी घाई कशासाठी, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. २ जुलै १९६७ रोजी अमेरिकेच्या 'व्हेला' उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक झोत नोंदवला. हे उपग्रह चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी सोडलेले होते. झोत अणुचाचणीचा नव्हता. रे क्लेबसाडेल, इयन स्ट्राँग आणि रॉय ओल्सन या तिघा शास्त्रज्ञांनी अशा झोतांची छाननी करून १९७३ साली जाहीर केलं, की ते पृथ्वीवरून येत नाहीत आणि सूर्याकडूनही येत नाहीत. हे तिघंही लॉस अलामॉसचेच.

या झोतांमागचे स्फोट तर रोजच्या रोज होत होते. १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरचं 'बॅट्से' हे उपकरण दिवसाला साधारण एक स्फोट पकडत होतं. अडचण वेगळी होती. गॅमा किरण भिंगानं किंवा आरशानं एकवटता येत नाहीत, त्यामुळे ते नेमके कुठून आले हे 'बॅट्से'ला ढोबळच सांगता येई, काही अंश इकडेतिकडे. मोठ्या दुर्बिणीला एका वेळी दिसतो आभाळाचा नखाएवढा तुकडा. जागा नक्की होईपर्यंत तास उलटायचे, आणि स्फोट तर काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत संपून गेलेला असायचा. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाची जागा 'बेप्पोसॅक्स' उपग्रहानं क्ष-किरणांच्या मदतीनं नेमकी दाखवली, तेव्हा कुठे सुमारे २१ तासांनी ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीला तिथे विझत जाणारा ठिपका सापडला. निखारा दिसला. जाळ मात्र कुणीच पाहिला नव्हता.

मिशिगन विद्यापीठाचे कार्ल अकरलॉफ यांना तो जाळ पाहायचा होता. आधीच्या एका कॅमेऱ्यानं त्यांच्या गटानं प्रयत्न करून पाहिला होता आणि हाती काहीच लागलं नव्हतं. मग 'रोट्से' आलं. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. नेमकी जागा कळायची वाट पाहत बसायचं नाही. संदेश ढोबळ आहे ना, मग आपली नजरच एवढी रुंद करायची की ती चूक तिच्यात मावून जाईल. 'बॅट्से'नं स्फोट पकडला की गॉडर्ड केंद्रातून स्कॉट बार्थेल्मी यांच्या जाळ्यामार्फत काही सेकंदांत संदेश सुटे. तो थेट संगणकाला मिळे. मध्ये माणूस नाही. झोपेतून उठणं नाही, फोन नाही, 'आज दुर्बिणीवर कोणाची पाळी' हा प्रश्न नाही. १९९८ मध्ये यंत्र कामाला लागलं. पहिले काही महिने कोरडे गेले.

२३ जानेवारी १९९९. लॉस अलामॉसला पहाटेचे पावणेतीन वाजून गेले होते, आपल्याकडे दुपारचे सव्वातीन. 'बॅट्से'नं स्फोट नोंदवला, संदेश निघाला, बैठक वळली आणि स्फोट सुरू झाल्यापासून २२ सेकंदांनी पहिलं चित्र घेतलं गेलं. स्फोट अजून चालूच होता.

ती पहिली तीन चित्रं नीट पाहण्यासारखी आहेत. प्रत्येक पाच सेकंदांचं. ताऱ्यांचं तेज 'प्रती'त मोजतात, आणि आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. पहिल्या चित्रात सभोवारच्या ठिपक्यांमध्ये एक जास्तीचा ठिपका आहे, ११.७ प्रतीचा. सांगितल्याशिवाय लक्ष जाणार नाही असा. २५ सेकंदांनंतरच्या दुसऱ्या चित्रात तोच ठिपका ८.९ प्रतीचा झालाय, म्हणजे जवळजवळ तेरापट तेजस्वी. त्या क्षणी कुणी नेमकी तिकडे साधी द्विनेत्री धरली असती तर त्याला तो दिसला असता. तिसऱ्या चित्रात तो पुन्हा १० व्या प्रतीवर उतरलाय. दहा मिनिटांत १४.५ प्रत, म्हणजे ऐन भरातल्या तेजाच्या दीडशेव्या हिश्शाहूनही कमी. ही चित्रं यंत्रानं घेऊन ठेवली होती, पण त्यांत काय आहे हे लगेच कुणाला ठाऊक नव्हतं. 'बेप्पोसॅक्स'नं जागा नक्की केली, पालोमारच्या दुर्बिणीनं तिथे मंदावणारा ठिपका शोधला, आणि मग 'रोट्से'च्या मंडळींनी आपली चित्रं पुन्हा काढून पाहिली. जाळ त्यांच्या संगणकात कैद होता.

या स्फोटाला तारखेवरून 'जीआरबी ९९०१२३' म्हणतात. त्याचं अंतर काढणाऱ्या गटाचे प्रमुख होते कुरुंदवाडला जन्मलेले, हुबळीत वाढलेले आणि पुढे कॅलटेकमध्ये स्थिरावलेले श्रीनिवास कुलकर्णी. केक दुर्बिणीनं घेतलेल्या वर्णपटावरून ताम्रसृती, म्हणजे वाटेत प्रकाशलहरी ताणल्या गेल्याचं माप, १.६ निघाली. म्हणजे तो प्रकाश ९ अब्जांहून अधिक वर्षं प्रवास करून आला होता. तो निघाला तेव्हा पृथ्वी जन्मलीही नव्हती. ऊर्जा सर्व दिशांना सारखी फेकली गेली असं धरून हिशेब केला तर जवळजवळ दोन सूर्यांचं सगळं वस्तुमान ऊर्जेत बदलावं लागेल एवढा आकडा येत होता. पण दोनेक दिवसांनी प्रकाश एकाएकी जास्त वेगानं घटू लागला. स्फोट अरुंद झोतांत कोंडलेला असेल तर असंच व्हायला हवं. कोसळणाऱ्या अजस्र ताऱ्याच्या पोटातून निघालेला झोत, योगायोगानं आपल्या दिशेनं रोखलेला. अकरलॉफ यांचा लेख आणि कुलकर्णींचा लेख 'नेचर'च्या एकाच अंकात आले, १ एप्रिल १९९९ च्या.

चमकेचं कारणही त्या चित्रांनीच सुचवलं. गॅमा किरणांचे चढउतार आणि दृश्य प्रकाशाचे चढउतार जुळत नव्हते, म्हणजे दोन्ही एकाच जागी तयार होत नसावेत. झोत भोवतीच्या विरळ वायूवर आदळला की एक धक्का पुढे जातो आणि एक उलटा, झोतातच मागे शिरतो. सारी आणि पिरान या शास्त्रज्ञांनी या उलट्या धक्क्याची चमक दिसेल असं आधीच वर्तवलं होतं. २१ तासांनी घेतलेल्या कुठल्याही चित्रात ती सापडली नसती.

स्फोट नसलेल्या रात्री 'रोट्से' स्वस्थ बसत नसे. ते दिसणारं सगळं आभाळ ओळीनं टिपत राही. त्याच्या वर्षभराच्या चित्रांतून सुमारे १ कोटी ४० लाख ज्योतींच्या तेजाची यादी झाली आणि बदलत्या ताऱ्यांचे अभ्यासक आजही ती उघडतात. कॉम्प्टन वेधशाळा २००० साली समुद्रात उतरवली गेली. 'रोट्से'च्या पुढच्या पिढीत ४५ सेंटिमीटर आरशाच्या चार दुर्बिणी ऑस्ट्रेलिया, टेक्सास, नामिबिया आणि तुर्कस्तानात उभ्या राहिल्या. कुठे ना कुठे रात्र असावी म्हणून.

नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा स्फोट मात्र १९ मार्च २००८ ला झाला. ५.३ प्रत, जेमतेम अर्धा मिनिट, अंतर साडेसात अब्ज प्रकाशवर्षांच्या प्रवासाचं. अर्ध्या तासापूर्वी जवळच दुसरा एक स्फोट झाला होता, म्हणून चिलीतले 'पाय ऑफ द स्काय' आणि 'टॉर्टोरा' हे रुंद नजरेचे कॅमेरे आधीपासूनच त्या बाजूला पाहत होते. त्यांना स्फोटाच्या आरंभापासूनचा प्रकाश मिळाला. या खेपेला दृश्य प्रकाश आणि गॅमा किरण बऱ्याच अंशी बरोबरीनं वरखाली होत होते, ९९०१२३ च्या अगदी उलट. दोन स्फोटांनी दोन साक्षी दिल्या. असे आरंभीचे क्षण अजून मोजकेच हाती आहेत, म्हणून प्रत्येक रात्र मोलाची.

हे काम आता भारतातूनही चालतं. लडाखमधल्या हानले इथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवर, ७० सेंटिमीटर आरशाची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण २०१८ पासून आभाळ पाहते आहे. ती बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि पवईची आयआयटी मिळून चालवतात. माणसाशिवाय चालणारी ही देशातली पहिली संशोधन दुर्बीण. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा हानलेला रात्र असते, आणि स्फोट काही अमेरिकेतल्या रात्रीची वाट पाहत नाहीत. ४ फेब्रुवारी २०२१ च्या स्फोटाच्या मागे ही दुर्बीण चिकाटीनं लागून राहिली. विझत चाललेला तो प्रकाश कित्येक दिवसांनी पुन्हा उसळल्याचं त्यातून दिसलं. एवढी उशिराची उसळी तोवर कुठल्याच स्फोटात नोंदली गेली नव्हती. लवकर पोचायचं आणि मग लवकर उठायचं नाही, अशी दुहेरी शिस्त या दुर्बिणींना लागते.

चैत्र-वैशाखात रात्रीची जेवणं आटोपली की गच्चीवर जा. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की नारिंगी स्वाती सापडेल. तिच्या उत्तरेला पतंगासारखा दिसतो तो भूतप तारकासमूह. पतंगाच्या पश्चिम खांद्याजवळ २००८ चा स्फोट झाला आणि वरच्या टोकापलीकडे १९९९ चा. दोन्ही जागी आता नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही.