पणतीची पेटी

मंडळी, पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, तीवर चिन्ह. भारतीय जनसंघाचे चिन्ह पणती. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी हा पक्ष ऑक्टोबर १९५१ मध्ये दिल्लीत काढला. लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीत जागा मिळाल्या तीन. मराठी मुलखातली एकही नाही. मग १९५७ साली चारांपैकी दोन, धुळे नि रत्नागिरी, आपल्याकडच्या कशा? अहो, तेव्हा जनसंघ संयुक्त महाराष्ट्र समितीत होता, कम्युनिस्टांच्या मांडीला मांडी लावून! माझ्या मते ती मते हिंदुत्वापेक्षा मुंबईसह महाराष्ट्राला पडली. १९६० साली राज्य मिळाले. १९६२ साली जनसंघाच्या जागा देशात चौदा झाल्या, महाराष्ट्रात मात्र शून्य. पुढे १९७७ साली तो जनता पक्षात विलीन झाला. १९८० साली त्याच मंडळींनी भारतीय जनता पक्ष काढला.