रक्ताची गुठळी आणि शरीरातील रखवालदार

कपाशी वेचताना वाळल्या बोंडाचे टोक बोटात रुतते, थेंबभर रक्त येते आणि काही मिनिटांत आपोआप थांबते. रक्त गोठण्याचा हा गुण नसता, तर लहानशी जखमही जिवावर बेतली असती. परंतु हाच गुण नको त्या जागी प्रकटला, तर हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात ओढवतो. म्हणून रक्त गोठवणाऱ्या विकरांबरोबर, म्हणजेच एन्झाइमांबरोबर, त्यांना आवर घालणारी विकरेही निसर्गाने शरीरात ठेवली आहेत. त्यांची ओळख आमच्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना व्हावी, यासाठी हा लेखप्रपंच.

रक्तवाहिनीला इजा होताच प्लेटलेट तेथे जमतात. डेंग्यूच्या दिवसांत ज्यांची मोजणी आपण काळजीने विचारतो, त्याच या रक्तपट्टिका. मग थ्रॉम्बिन नावाचे विकर रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतू तयार करते. या तंतूंच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी बनते.

ही गुठळी जखमेपुरतीच राहावी, याची दक्षता रक्तवाहिनीचे आतले अस्तर घेते. तेच थ्रॉम्बिन निरोगी अस्तरावरील थ्रॉम्बोमॉड्युलिन या प्रथिनाला जोडले गेले, की त्याचे कार्य उलटते. ते प्रोटीन-सी या रक्षकाला जागे करते आणि गोठण्याची साखळी तेथेच खंडित होते. शिवाय अस्तरातून टीपीए नावाचे विकर स्रवते. ते प्लास्मिनोजेनचे प्लास्मिनमध्ये रूपांतर करते आणि प्लास्मिन फायब्रिनचे तंतू कापून काढते. जखम भरत आली, की गुठळी अशी हळूहळू विरते. टीपीए रक्तात काही मिनिटेच टिकते. ते दीर्घकाळ टिकते, तर रक्तस्रावाचा धोका वाढला असता. गोठणे आणि विरणे यांमधील या समतोलाला शरीराचा मध्यम मार्ग म्हटले, तर ते वावगे ठरू नये.

हा समतोल आपल्या सवयींनी ढळतो. तंबाखू, अनियंत्रित मधुमेह व उच्च रक्तदाब यांमुळे अस्तर दुखावते. स्थूलपणात टीपीएला अडवणारे प्रथिन वाढते. उलट, भरभर चालण्यासारख्या व्यायामाने टीपीएचा स्राव वाढतो. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारातही वाकड्या झालेल्या पेशी अस्तराला इजा करतात व गुठळीचा संभव वाढवतात. यासाठी विवाहापूर्वी दोघांचीही रक्ततपासणी होणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून त्याचा लाभ प्रत्येक कुटुंबाने घ्यावा.

रखवालदार अपुरे पडले, तर वैद्यकशास्त्र त्यांनाच कुमक पाठवते. १९३३ मध्ये विल्यम टिलेट यांना काही जिवाणूंमध्ये गुठळी विरघळवण्याची शक्ती आढळली. त्यातून स्ट्रेप्टोकायनेज हे औषध पुढे आले. तेही आपल्याच प्लास्मिनोजेनला कामाला लावते. पुढे शरीरातील टीपीएच प्रयोगशाळेत तयार होऊ लागले. त्यात थोडा बदल करून घडवलेले टेनेक्टेप्लेज रक्तात अधिक काळ टिकते, म्हणून एकाच इंजेक्शनात देता येते. पुण्याची जेनोव्हा ही कंपनी ते आपल्या महाराष्ट्रातच बनवते.

मात्र ही कुमक वेळेत पोहोचली पाहिजे. पक्षाघातात असे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यापूर्वी सीटी स्कॅन आवश्यक असतो. कारण काही पक्षाघात गुठळीने नव्हे, तर मेंदूत रक्तस्राव झाल्याने होतात आणि तेथे हेच औषध घातक ठरते. म्हणूनच पक्षाघाताच्या रुग्णाला घरी कोणतीही रक्त पातळ करणारी गोळी देऊ नये. मेळघाटातील धारणीहून अमरावती गाठायला घाटातून काही तास लागतात. तेव्हा तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा छातीत दाटून येऊन घाम फुटणे, यांपैकी काहीही दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर फोन करावा. लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शाळेत शिकलेले विज्ञान घरच्या माणसाचा जीव वाचवण्याच्या कामी यावे, यापरते त्या शिक्षणाचे दुसरे सार्थक आम्हांस दिसत नाही.