होडीचे पंधराशे

पहाटे ४.३०
कुंभारगाव, तालुका इंदापूर. फेब्रुवारीची थंडी, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. नावाडी दादा डोक्याला बॅटरीचा पट्टा बांधून काठावर उभे आहेत. आई आणि मी काल रात्रीच कोथरूडहून आलो. हडपसर ओलांडेपर्यंत जीव मेटाकुटीला आला, पुढे सोलापूर हायवे मोकळा होता. आई खोलीत झोपली आहे. जाळी काढायला मलाही न्या, असं मी रात्री म्हटलं होतं. "या, पण चप्पल काढून. आणि मधोमध बसा, हलायचं नाही."

होडी पत्र्याची. वल्ह्यावर वहिनी, पुढे वाकलेले दादा. काल संध्याकाळी टाकलेल्या जाळ्यांची खूण म्हणजे तरंगणारे थर्मोकोलचे तुकडे आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. दादा वीत-वीत जाळं ओढतात. मध्येच जलपर्णीचा गुंता येतो, तो सोडवून बाजूला फेकायचा. मग चिलापी. कल्ल्यात बोट घालायचं, नायलॉनचा दोरा मागे सारायचा आणि पाठीवरचे काटे तळहाताने चपटे दाबून मासा उलटा काढायचा. काटे दाबायचे राहिले की अंगठ्यात घुसतात. दादांच्या उजव्या अंगठ्याला मोठी भेग आहे, तिच्यात फेविक्विक भरलंय. "डॉक्टरकडं गेलो तर दिवस जातो."

दोघंही बोलत नाहीत. वहिनींना होडी कधी थांबवायची, कधी एक वल्हं मारायचं, हे सांगावं लागत नाही.

५.४५
काठावर तराजू. आठ किलो चिलापी, एक दोन किलोचा कटला, एक वाम. चिलापीला सध्या किलोमागे नव्वद मिळतात. मासे क्रेटमध्ये, क्रेट दुचाकीच्या मागे, आणि दादांचा धाकटा भाऊ भिगवणच्या बाजाराकडे. वाम घरीच ठेवली. शनिवार आहे, दुपारी जेवणाऱ्यांत कुणीतरी वाम विचारतंच.

६.१५
आता दुसरी होडी. ही फायबरची, निळी, बसायला आडव्या फळ्या, फळ्यांवर रेक्झिनच्या गाद्या. पतसंस्थेचं कर्ज काढून घेतली. हप्ता महिन्याला चार हजार, तो पावसाळ्यातही चुकत नाही. दादा गाद्यांवरचं दव फडक्याने पुसतात, इंजिनात पेट्रोल ओततात. लिटरला शंभराच्या वर, त्यामुळे नरसाळ्यातला शेवटचा थेंबही झटकून घ्यायचा.

आई आली. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, गळ्यात दुर्बीण, हातात वही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिची सकाळ म्हातोबा टेकडीवर जाते, तांबट आणि सातभाई मोजण्यात. गुडघे कुरकुरतात, पण त्यावर बोललेलं तिला चालत नाही. फळीवरून होडीत उतरताना दादांनी हात दिला. "काकू, आधी मधे पाय ठेवा. कडेला नाही."

मग लाइफ जॅकेट. आईने नाक मुरडलं. दादांनी बंद स्वतःच्या हाताने आवळले. २०२४ च्या मे महिन्यात याच उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली. दादा त्याबद्दल एवढंच म्हणाले, "तेव्हापासून मी कुणाचं ऐकत नाही."

६.४०
इंजिन सुरू. दहा मिनिटांनी बंद. इथून पुढे बांबू.

पाणी दोन-अडीच फूट, खाली गाळ. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि मागे कोसच्या कोस पाणी पसरलं. त्या पाण्याला यशवंतसागर म्हणतात. खाली कालव्याला आणि नदीला पाणी सुटत जातं तसा हा फुगवटा आक्रसतो, कडेचा गाळ उघडा पडतो. गाळात किडे, शिंपले, शेवाळ. त्यावर पक्षी.

बांबू गाळात रुतवायचा, त्यावर अंग टाकायचं, होडी सरकली की बांबू उपटायचा. रुतवणं सोपं, उपटणं अवघड. प्रत्येक वेळी 'पचाक्' असा आवाज आणि काळ्या चिखलाचा भपका. दादांच्या पोटऱ्या ताठ होतात. थंडीतही मानेवर घाम.

७.०५
रोहित. लांबून नुसती पांढुरकी रेघ, दुर्बिणीतून पाय दिसायला लागतात. शे-दीडशे तरी असतील. पिल्लं राखाडी, त्यांना रंग यायला दोन-तीन वर्षं लागतात. मोठ्यांनी माना खाली सोडून चोची उलट्या करून पाण्यात बुडवल्यात. आत जीभ पंपासारखी चालते, चोचीच्या कडेची जाळी पाणी बाहेर सोडते आणि खाणं आत ठेवते. खाता खाता ते जागच्या जागी गोल फिरतात, पायांनी गाळ ढवळत.

"बघा काकू, सगळ्यांच्या माना खाली आहेत. आता आपण जवळ. माना वर झाल्या की थांबायचं. माना वर करून चालायला लागले की मागं यायचं."

फ्रान्सच्या दक्षिणेला, ऱ्होन नदी भूमध्य समुद्राला मिळते तिथे कामार्ग नावाची दलदल आहे. हाच रोहित तिथे हजारोंनी घरटी करतो. आईला घेऊन तिकडे जायचं, हे मी वर्षानुवर्षं घोकते आहे. तिकिटं, व्हिसा, राहायचं, सगळ्याची बेरीज एकदा तिला दाखवलीही होती. आत्ता दुर्बिणीतून डोळा न काढता ती म्हणाली, "पक्षी तोच ना? मग झालं." हे रोहित कच्छच्या रणाकडचे असावेत असा तिचा अंदाज. तिथे त्यांची वसाहत आहे.

डावीकडून दुसरी होडी आली. तिच्यात दोन फोटोवाले. एकेकाची लेन्स दादांच्या होडीपेक्षा महाग असणार, हे मी मनातल्या मनात. एकाने आमच्या दादांना हाक मारली, "ओ, तुम्ही तिकडून जरा पुढं घ्या की. उडवा. उडताना पाहिजेत."

दादांनी बांबू गाळात रुतवला आणि त्याला धरून उभे राहिले. बोलले नाहीत. थोड्या वेळाने आम्हाला ऐकू येईल एवढंच म्हणाले, "आता उडवले तर दिवसभर पलीकडं बसतील. माझ्या दहाच्या गिऱ्हाईकाला काय पाणी दाखवू? तिकडं जायचं तर लिटरभर पेट्रोल जास्त."

आईने वहीत काहीतरी लिहिलं.

७.५०
पट्टकदंब. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, काठाच्या गवतात पाच-पन्नास बसलेले. मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून हे हंस हिवाळ्यात खाली उतरतात. आईने हे सगळं दादांना सांगितलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं, या हंगामात कितव्यांदा कोण जाणे. मग म्हणाले, "रात्री माझ्या हरभऱ्यात असतात. घाटे धरायच्या आत शेंडे खाऊन बसले. आणि सकाळी मीच त्यांना दाखवून पैसे घेतो."

मध्ये चित्रबलाक, शेकाटे, थापट्या बदकं. मासे पकडायला सूर मारणारा एक कैकर. तो मोकळ्या पंजांनी परत वर गेला.

८.३०
परतीच्या वाटेवर इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं. पंख्यात जलपर्णी. दादांनी इंजिन उचलून आडवं केलं, फळीखालून विळा काढला, कोपरापर्यंत हात घालून देठ कापायला लागले. देठांबरोबर प्लास्टिकची पिशवी, मग पूजेच्या निर्माल्याचा दोरा. वास यायला लागला.

"कुठनं आलात म्हणालात? कोथरूड?"

"हो."

"मग हे तुमच्याकडलंच."

ते चिडून बोलले नाहीत. कोथरूडचे नाले मुठेत जातात, मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत, आणि भीमा इथे. आम्ही काल गाडीने तीन तासांत आलो. आमच्या मोऱ्यांचं पाणी आपल्या चालीने येतं. जलपर्णी त्यावरच माजते. जाळ्यात तीच, पंख्यात तीच. आईने पिशवी होडीत ओढून घेतली आणि पायाखाली दाबून ठेवली. एका पिशवीने काय होणार, पण तिला राहवत नाही.

पंचवीस मिनिटं गेली. त्याचे पैसे कुणी मागत नाही, कुणी देतही नाही.

९.१५
काठ. पंधराशे रुपये, होडीचे, माणशी नव्हे. दोघं बसा नाहीतर सहा जण. मोबाइलवरून पैसे जाईनात, रेंज नव्हती. आईने ब्लाऊजमधल्या पाकिटातून नोटा काढल्या, वर दोनशे. दादांनी न मोजता खिशात टाकले. यातून पेट्रोल गेलं, जॅकेटं धुवायचा साबण गेला, इंजिनाच्या मेकॅनिकला दर महिन्याला काही ना काही जातंच.

१०.००
पुण्याच्या कॉलेजची मुलं. सहा जण, एक स्पीकर. स्पीकर दादांनी काठावरच ठेवून घेतला. पुन्हा बांबू, पुन्हा तोच गाळ. रोहित जागेवर होते.

दुपारी १.१५
वहिनींची पाळी. सकाळी वल्हं, मग फाटकी जाळी शिवणं, मग हे. चुलीवर भाकरी, बाजूला गॅसवर रस्सा. चिलापीचे तुकडे हळद-मीठ-तिखट लावून रव्यात घोळवलेले, तवा मोठा, एका वेळी आठ बसतात. थाळी अडीचशे: दोन तुकडे, रस्सा, दोन भाकऱ्या, भात, कांदा. ओसरीवर तीन पंगती उठल्या. वाम खरंच कुणीतरी मागितली आणि तिचे वेगळे पैसे दिले. भाकरी थापून थापून वहिनींची बांगडी मनगटात वर चढून बसली आहे. आई दोनदा म्हणाली, मी थापू का? दुसऱ्यांदा त्यांनी परात पुढे सरकवली. आईची भाकरी फाटली. वहिनींनी ती मुकाट्याने चाऱ्याच्या पाटीत टाकली.

३.००
बाभळीखाली दादा अर्धा तास झोपले, फोन छातीवर ठेवून. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा डोळे न उघडता दर सांगितला.

उठल्यावर हंगामाचा हिशेब. एप्रिल सरत आला की पाहुणे पक्षी गेलेले, माणसंही उन्हामुळे येत नाहीत. धरण पार खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं, ते बघायला थोडे येतात. पाऊस झाला, पुण्याकडची धरणं सुटली की पाणी चढतं, गाळ झाकला जातो. मग नुसती जाळी. फायबरची होडी उलटी घालून ठेवायची आणि हप्ता भरायचा.

४.४५
संध्याकाळची फेरी, नागपूरचं कुटुंब. काठावर एक पोरगा वीस रुपयांना गाठ्यांच्या पुड्या विकतो, कुरवांना टाकायला. होडीभोवती पांढरी झुंबड, फोटो छान येतात. आईला हे मुळीच पसंत नाही. काठावरून ती पोराला म्हणाली, "हे त्यांचं खाणं आहे का?" पोरगा म्हणाला, "नाही, पण माझं हाय." यावर ती गप्प बसली, तिच्या बाबतीत हे क्वचित घडतं.

६.३०
परत पत्र्याची होडी. वहिनी वल्ह्यावर, दादा जाळं सोडतायत, बाटली, थर्मोकोल, बाटली. या खेपेला आईही मधोमध बसली आहे, चप्पल काढून. अर्धं जाळं पाण्यात असताना दादांचा फोन वाजला. हात गुंतलेले. त्यांनी खिसा आईकडे वळवला. तिने फोन काढून स्पीकर लावला.

"उद्या सकाळची होडी पाहिजे. बाराशेत करा की."

"पंधराशे," दादा जाळ्यावरूनच म्हणाले.

"पलीकडचा बाराशे म्हणतोय."

दादा काही म्हणायच्या आत आईने फोन तोंडाजवळ धरला. "पंधराशेच द्या. इंजिन लांब बंद करतात, बांबूवर नेतात, पक्षी जवळून दिसतात. आणि उडवा म्हणायचं नाही."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "तुम्ही कोण?"

"कोथरूडहून आलेय. किती माणसं आहात? जॅकेटं तेवढी काढून ठेवायला सांगते."